लहान मुलाला हेवी मेटल ऐकवावे का? ठरवण्याची एक पद्धत

मुंबईत २००८ साली आयर्न मेडन आणि बंगळुरूत २०११ साली मेटालिका या हेवी मेटल बँडना प्रत्यक्ष ऐकून आलेली तेव्हाची तरुण मंडळी आता आईबाप झाली आहेत, आणि त्यांच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो: चार-पाच वर्षांचे मूल शेजारी खेळत असताना ही गाणी लावावीत की नाही? प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुधा आजी असते किंवा दुसरा जोडीदार, आणि उत्तर देणारा आपल्या आवडत्या संगीताची बाजू लढवण्याच्या पवित्र्यात असतो. त्यामुळे चर्चा मुलाविषयी न होता संगीताच्या अब्रूविषयी होते आणि ठरत काहीच नाही.

‘हेवी मेटल मुलांना चांगले की वाईट’ अशा प्रश्नाला उपयोगी पडेल असे उत्तर देता येत नाही, कारण हे नाव फार मोठ्या पसाऱ्याला दिलेले आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये निघाला, तिथून या संगीताची सुरुवात मानतात. त्यानंतरच्या अर्धशतकात त्यातून थ्रॅश, डेथ, ब्लॅक, डूम, पॉवर, सिंफनिक, फोक अशा कितीतरी शाखा फुटल्या. पॉवर मेटलमध्ये ड्रॅगन, तलवारी आणि विजयाची गाणी उंच, स्वच्छ आवाजात म्हटली जातात, तर डेथ मेटलच्या काही बँडांनी प्रेतांची चिरफाड हाच कायमचा विषय करून ठेवला आहे. दोन्हींना एकच निकाल लावणे म्हणजे काहीच न ठरवणे होय. म्हणून निर्णय एका गाण्याचा, एका मुलाचा आणि एका वेळेचा घ्यावा. तसा तो घेताना आवाजाची पातळी, चित्रे, शब्द आणि त्या मुलाचा स्वभाव या चार गोष्टी तपासाव्यात. त्यांचे महत्त्व मात्र सारखे नाही.

आधी कान

वाद होतो तो कवट्या, सैतान आणि शिव्या यांवरून, आणि कानाचा विचार सर्वांत शेवटी येतो. माझ्या मते हा क्रम अगदी उलटा आहे. भीतीदायक गाण्याचा परिणाम बहुतेक मुलांवर थोडा वेळ टिकतो आणि जवळ घेतले, समजावले की ओसरतो, पण मोठ्या आवाजामुळे अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की त्या पुन्हा येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने संगीत ऐकण्याच्या उपकरणांसाठी सुचवलेली मर्यादा प्रौढांना आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास आणि मुलांना ७५ डेसिबलने ४० तास अशी आहे. या आकड्यांमागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलासाठी ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १० तास, ८४ ला ५ तास, आणि ९० डेसिबलला आठवड्यातून जेमतेम सव्वा तास उरतो. १०० डेसिबलला तर साडेसात मिनिटांत आठवड्याचा कोटा संपतो. दुकानात ‘लहान मुलांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या अनेक हेडफोनांच्या खोक्यावर ८५ डेसिबल ही मर्यादा छापलेली असते. पालक ती वाचून निर्धास्त होतात, पण वरच्या हिशेबाने ८५ डेसिबलला मुलाच्या वाट्याला आठवड्याचे साधारण चारच तास येतात, दिवसाचे नव्हे.

मेटलच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की या संगीतात विसावा फार कमी असतो. ख्यालगायनात आलाप हळू चालतो, मध्ये तानपुराच तेवढा ऐकू येतो, आणि सबंध मैफलीत मोठा आवाज थोडाच वेळ टिकतो. मेटलमध्ये मात्र विकृत केलेल्या सुराची गिटार, बेस आणि दोन पायांनी वाजवला जाणारा डबल बास ड्रम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत भरलेले असतात, आणि अलीकडच्या ध्वनिमुद्रणात हळू आणि मोठा यांतील फरक मुद्दाम दाबून टाकलेला असतो. कानाला मधे उसंत मिळत नाही. त्यातच हे संगीत ‘मोठ्यानेच ऐकायचे असते’ अशी त्याच्या चाहत्यांची ठाम समजूत असते, आणि व्हॉल्यूमची कळ त्यांच्याच हाताशी असते.

मोजणी कठीण नाही. आयफोन असेल तर अमेरिकेच्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेचे ध्वनिपातळी मोजणारे मोफत ॲप घ्यावे. अँड्रॉइडवरची अशी ॲप्स अधिक ढोबळ असतात, तरी अंदाज येतो. ब्लूटूथ स्पीकर नेहमीच्या जागी ठेवावा, नेहमी ज्या आवाजात ऐकतो त्याच आवाजात गाणे लावावे, आणि फोन आपल्या हातात उभ्याने न धरता मूल जिथे बसून ठोकळे खेळते तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर धरावा. स्पीकर बैठ्या टेबलावर असेल आणि मूल जमिनीवर असेल, तर आपल्या कानाशी ७२ दाखवणारा आकडा तिथे ७९ किंवा ८० होऊ शकतो, आणि बहुतेक पालकांना हा फरक अपेक्षित नसतो. मोजायची खटपट नको असेल तर साधी कसोटी लावावी: हातभर अंतरावरच्या माणसाशी नेहमीच्या स्वरात बोलता आले पाहिजे. आवाज चढवावा लागला, तर गाणे कोणतेही असो, ते त्या मुलासाठी मोठे आहे.

दोन-अडीच वर्षांखालच्या मुलाच्या कानावर हेडफोन नकोच. कानात घालायचे इअरबड तर त्यानंतरही बरीच वर्षे नकोत, कारण कानाची नळी जितकी लहान तितका त्याच आवाजाचा दाब पडद्यावर अधिक पडतो. मोठ्या मुलाला हेडफोन द्यायचाच असेल, तर फोनमध्ये मर्यादा लावून द्यावी. आयफोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा मोठा आवाज ७५ डेसिबलपर्यंत खाली रोखण्याची सोय आहे, आणि अनेक अँड्रॉइड फोनांतही कमाल व्हॉल्यूम बांधून ठेवता येतो.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीत दरवर्षी होणाऱ्या मोजणीत आकडा अनेकदा १०० डेसिबलच्या आसपास जातो, आणि त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेली तीन वर्षांची मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. ज्या घरात हे चालते, त्या घराने दिवाणखान्यात ७० डेसिबलने वाजणाऱ्या मेटलला कानाच्या नावाखाली नाकारू नये. कानाला गाण्याचा धर्म कळत नाही.

पडदा उलटा ठेवावा

चित्रांचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. लहान मूल गाण्याला जितके घाबरते त्यापेक्षा त्याच्या व्हिडिओला आणि कव्हरला अधिक घाबरते. आयर्न मेडनचा ‘एडी’ हा सांगाड्यासारखा दिसणारा शुभंकर १९८० च्या पहिल्या अल्बमपासून प्रत्येक कव्हरवर आहे. काही मुलांना तो मनापासून आवडतो, आणि काहींना त्याच्यामुळे रात्री एकट्याने न्हाणीघरात जाणे नको होते. कॅनिबल कॉर्प्स या डेथ मेटल बँडची सुरुवातीची कव्हरे मात्र कोणत्याच लहान मुलाने पाहण्यासारखी नाहीत. त्यांच्या पहिल्या तीन अल्बममधील गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवण्याला जर्मनीत २००६ पर्यंत मनाई होती.

म्हणून गाणे ऐकवायचे तर फक्त ऐकवावे आणि फोन पालथा ठेवावा. यूट्यूबवर लावायचे असेल तर ऑटोप्ले बंद करावे, कारण आपण निवडलेल्या गाण्याची खात्री आपल्याला असते, त्यापाठोपाठ येणाऱ्या गाण्याची नसते. आपण गॅसवरचे दूध उतरवायला उठतो तेवढ्यात पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असतो.

शब्द वाचून काढावेत

मेटलचे शब्द ऐकून कळत नाहीत, निदान पहिल्या खेपेला नाहीत, आणि वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांनाही आपण नेमके काय गुणगुणतो याचा पत्ता नसतो. म्हणून मुलासमोर गाणे लावण्याआधी त्याचे शब्द समोर उघडून, वाचत वाचत ते एकदा एकट्याने ऐकावे. मेटल आर्काइव्ह्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतस्थळावर २००२ पासून हजारो बँडांची नोंद होत आली आहे. प्रत्येक बँडच्या पानावर त्याच्या गीतांचे विषय एका ओळीत दिलेले असतात, आणि बऱ्याच गाण्यांचे शब्दही तिथेच मिळतात. इतिहास, पुराणकथा, कल्पित विश्व, युद्ध, निसर्ग असे विषय दिसले तर पुढे वाचावे. रक्तपात, विकृती, आत्महत्या असे दिसले तर लहान मुलापुरता तो बँड तिथेच बाजूला ठेवावा, मग आपल्याला तो कितीही प्रिय असो. या पानाचा दुसरा उपयोग असा की बँडची पार्श्वभूमीही कळते. ब्लॅक मेटलच्या नॉर्वेतील वर्तुळात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चे जाळली गेली आणि एका वादकाचा खूनही झाला. त्या शाखेतले काही बँड आजही उघडपणे नाझी विचार मांडतात. हे पाच वर्षांच्या मुलाला कळणार नाही, पण घरात कोणाची गाणी वाजतात हे आपल्याला ठाऊक असावे.

संगीत सेवांवर गाण्यापुढे दिसणारे ‘ई’ हे चिन्ह उपयोगी आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. ते मुख्यतः शिव्या आणि उघड लैंगिक उल्लेख पाहून लावले जाते. एकही शिवी न देता अत्यंत क्रूर वर्णन करणारे गाणे त्यातून सुटू शकते. या खुणेचा इतिहासही बोलका आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत टिपर गोर आणि इतर काही राजकीय घराण्यांतील स्त्रियांनी गाण्यांवर इशारा छापण्याची मागणी केली आणि सप्टेंबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर या बँडच्या एका गाण्यात लैंगिक छळाचे वर्णन असल्याचा आरोप होता. गायक डी स्नायडर याने समितीला सांगितले की आपल्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी वाटलेली भीती हा त्या गाण्याचा विषय आहे. शब्द वाचताना आपणही दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. सुरी, रक्त, अंधार हे शब्द दिसले म्हणून गाणे वाईट ठरत नाही, आणि ते दिसले नाहीत म्हणून चांगलेही ठरत नाही.

मृत्यूचा उल्लेख आला की गाणे बाद, हा नियम मला पटत नाही. आयर्न मेडनचे ‘द ट्रूपर’ हे १९८३ चे गाणे क्रिमियाच्या युद्धातील १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईवर आहे. बेसचा ठेका घोडदौडीचा आहे, आणि गाण्यातला सैनिक शेवटी रणांगणावर मरतो. ज्या मुलाने घोडखिंडीत बाजीप्रभू कसे पडले हे आजोबांच्या तोंडून ऐकले आहे, त्या सहा-सात वर्षांच्या मुलाला या गाण्यात नवे किंवा झेपणार नाही असे काही नाही. आपल्या कथांत नरसिंह हिरण्यकश्यपूचे पोट फाडतो आणि पूतना विष लावून दूध पाजायला येते. मुले हे ऐकतच वाढतात. फरक करावा तो मृत्यू आणि क्रौर्याचा चवीने केलेला तपशील यांत. गोष्टीच्या ओघात मरण येत असेल तर ते मुलाशी बोलता येते. मारण्याच्या कृतीचाच आनंद घेणारे गाणे असेल तर बोलण्यासारखे त्यात काही उरत नाही.

इथे पालकांची एक फसगत वारंवार होते. ‘मुलासाठी हळुवार काहीतरी’ म्हणून ते बँडचे संथ गाणे निवडतात, आणि मेटलमध्ये सर्वांत काळे शब्द बरेचदा याच संथ गाण्यांत असतात. मेटालिकाचे १९८४ चे ‘फेड टू ब्लॅक’ साध्या अकूस्टिक गिटारवर सुरू होते, कानाला अतिशय गोड लागते, आणि ते जगणे नकोसे झालेल्या माणसाविषयी आहे. इंग्रजी नीट न कळणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला त्याने काही होईल असे नाही, पण इंग्रजी माध्यमातले आठ वर्षांचे मूल ते ओळन् ओळ समजून घेते. आत्महत्या हा विषय या वयात गाण्यातून, गोड चालीवर आणि स्पष्टीकरणाशिवाय येऊ नये, असे माझे मत आहे आणि त्याला मी अपवाद करत नाही.

शब्द कळत नसले तरी मूल ते उचलते, हेही ध्यानात असावे. पाच वर्षांच्या मुलाला शिवीचा अर्थ लागत नाही, पण ती कोणत्या ठेक्यावर आणि किती जोरात म्हणायची हे त्याला बरोबर लक्षात राहते, आणि मग ती शाळेच्या बसमध्ये ऐकू येते.

डरकाळी आणि भीती

ज्या गोष्टीला घरातली वडीलधारी मंडळी सर्वांत आधी दचकतात, ती म्हणजे गायकाचा गुरगुरणारा आवाज. स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंचा कंप वापरून हा आवाज काढतात. सरावलेला गायक तो तासभर काढू शकतो, कारण तो घसा ताणत नाही. मूल मात्र नक्कल करताना घसाच ताणते, म्हणून दोन-चार डरकाळ्यांवर खेळ थांबवावा आणि आवाज बसला तर त्या दिवशी पुन्हा करू देऊ नये.

हा आवाज मुलाला भीतीदायक वाटेल की गमतीचा, हे आधी सांगता येत नाही. साधारण तीन ते सहा या वयात खरे आणि खोटे यांतली सीमा अजून पक्की नसते. मुखवटे, राक्षस, अंधार यांची भीती याच काळात सर्वाधिक असते, आणि राक्षसाच्या आवाजाचे आकर्षणही याच काळात असते. कोकणात शिमग्याच्या नमनात काळ्या वेशातला संकासुर अंगावर धावून येतो, तेव्हा मुले किंचाळून आईच्या पदराआड जातात आणि तिथूनच डोकावून तो पुन्हा कधी येतो याची वाट पाहतात. मेटलची डरकाळी मुलाला पचते ती अशाच परिस्थितीत, म्हणजे पदर जवळ असताना. म्हणून पहिल्यांदा ऐकवताना पालकाने शेजारी बसावे, दिवसाउजेडी ऐकवावे, आणि आधीच सांगावे की हा एक माणूस आहे, तो राक्षसाचा आवाज काढतो आहे, गाणे संपल्यावर तो पाणी पिऊन घरी जातो.

मग गाण्याकडे लक्ष न देता मुलाकडे पाहावे. ते उड्या मारते का, ठेका धरते का, ‘पुन्हा लाव’ म्हणते का? की खेळ थांबवून स्पीकरकडे टक लावून पाहते, खांदे आखडते, कानांवर हात नेते, आपल्या मांडीला चिकटते? गप्प बसलेले मूल ऐकण्यात रंगले आहे असे समजण्याची घाई करू नये. घाबरलेले मूलही गप्पच असते. विशेषतः हळू सुरुवात होऊन एकदम कडाडणारी गाणी जपून लावावीत, कारण सतत चालू असलेल्या मोठ्या आवाजापेक्षा अचानक आलेला आवाज मुलाला अधिक हादरवतो. नको म्हटले की लगेच बंद करावे, ‘एवढे काय घाबरायचे’ हे वाक्य टाळावे, आणि त्या रात्री झोप कशी लागते हे पाहावे. स्वप्नात दचकून उठणे, अंथरूण ओले होणे, एकटे राहायला नकार हे दोन-तीन दिवस दिसले तर ते गाणे वर्षभर तरी बाजूला ठेवावे. ज्या मुलांना मिक्सर, कुकरची शिट्टी किंवा फटाके सहन होत नाहीत, स्वमग्नतेसारख्या कारणाने आवाजाचा त्रास होतो, किंवा ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू, अपघात वा हिंसा घडली आहे, त्यांच्यासाठी हे प्रयोग करूच नयेत. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

वेळेचेही महत्त्व आहे. मेटालिकाचे १९९१ चे ‘एंटर सँडमॅन’ घरोघरी माहीत असलेले गाणे आहे, त्यात शिव्या नाहीत, आणि डरकाळीही नाही. तरी ते झोपताना मुलाला वाटणाऱ्या भीतीविषयी आहे, आणि मध्ये एक मूल निजायच्या वेळची प्रार्थना म्हणते. सकाळी दहा वाजता अंगणात नाचायला ते ठीक आहे, पण रात्री नऊनंतर अंथरुणावर ते लावणे हा शुद्ध अविचार होय.

बाप किंवा आई स्वतः चाहती असेल तर त्यांनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: हे मूल गाणे ऐकते आहे, की माझ्यासाठी ऐकते आहे? कवटीचा टी-शर्ट घातलेल्या दोन वर्षांच्या बाळाचा रील फार छान दिसतो, आणि बाळ तिथे निव्वळ शोभेला असते. मुलाला बालगीतेच ऐकायची असतील तर ती ऐकू द्यावीत.

संशोधनाचा आधार दोन्ही बाजू घेतात, म्हणून त्याविषयी थोडक्यात. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिंसक शब्दांच्या मेटलचे चाहते हिंसक चित्रांबाबत बधिर झालेले आढळले नाहीत. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात रागावलेल्या श्रोत्यांना असे संगीत ऐकून शांत वाटल्याचे दिसले. दोन्ही अभ्यास प्रौढांवरचे आणि स्वतःहून हे संगीत निवडणाऱ्यांविषयीचे आहेत. ‘मेटल ऐकून मुले बिघडतात’ या दाव्याला उत्तर म्हणून ते ठीक आहेत, पण चार वर्षांच्या मुलाला काय ऐकवावे याविषयी त्यांतून काहीही सिद्ध होत नाही.

सुरुवात कुठून करावी

शब्दांचीच धास्ती असेल तर शब्द नसलेल्या संगीतापासून सुरुवात करावी. फिनलंडच्या अपोकॅलिप्टिका या चौघा चेलोवादकांनी १९९६ मध्ये मेटालिकाची गाणी केवळ चेलोवर वाजवून अल्बम काढला. व्हायोलिन ऐकणाऱ्या घरातल्या आजीलाही तो सोसतो. त्याच देशात २००९ पासून हेविसॉरस नावाचा बँड आहे. त्याचे वादक डायनासोरचे पोशाख घालून मुलांसाठीच मेटल वाजवतात, आणि त्याच धर्तीवर जर्मन भाषेतही एक बँड उभा राहिला आहे. जर्मनीत किंवा फिनलंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुले बालवाडीतून हे नाव ऐकून येण्याची शक्यता आहे. जपानच्या बेबीमेटलचे ‘गिमी चॉकलेट’ हे खरोखर चॉकलेटविषयीच आहे. त्यापुढे स्वच्छ आवाजाचे पॉवर मेटल आणि नाइटविशसारखे सिंफनिक बँड, एकेक गाणे तपासून, ऐकवावेत. आपल्याकडचे म्हणून कुतूहल असेल तर मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ हा अल्बम काढला आहे. कथा मुलाच्या ओळखीच्या असतात, पण आवाज डरकाळीचा आहे, म्हणून तो सहा-सात वर्षांनंतर आणि आधी स्वतः ऐकून लावावा. दिल्लीच्या ब्लडीवुडच्या गाण्यांत ढोल आणि बासरी आहे, मुलांना ती लगेच भावतात, मात्र काही गाणी लैंगिक हिंसेविरुद्धच्या संतापाची आहेत. त्यांचा हेतू चांगला असला तरी शब्द लहान मुलासाठी नाहीत.

आजी-आजोबांचा आक्षेप उडवून लावू नये. त्यांना आवाजाचा त्रास होत असेल तर तो खराच असतो, आणि घर त्यांचेही आहे. सैतानी खुणा हा मुद्दा निघाला तर एक माहिती उपयोगी पडते: तर्जनी आणि करंगळी उभारून केलेली जी खूण मेटलची ओळख झाली, ती गायक रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली. वाईट नजर लागू नये म्हणून आपली इटालियन वंशाची आजी ती करत असे, असे तो सांगे. दृष्ट काढणाऱ्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष कार्यक्रमाचा. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला तिथे नेऊ नये. तिथे आवाज १०० डेसिबलच्या घरात असतो, लखलखणारे दिवे आणि धूर असतो, आणि गर्दीत मुद्दाम एकमेकांवर आदळणारे लोक असतात. फेफऱ्याचा त्रास असलेल्या मुलाला अशा दिव्यांखाली मुळीच नेऊ नये. मोठ्या मुलाला न्यायचे असेल, तर आधी आयोजकांचा वयाचा नियम पाहावा. डोक्यावरून घ्यायचे, दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ घरी आठवडाभर आधी घालून बघावेत, कारण तिथे गेल्यावर पहिल्यांदा घातलेले इअरमफ मूल दहा मिनिटांत काढून टाकते. कापसाचे बोळे फारसे काही अडवत नाहीत. उभे राहायचे ते मागे, ध्वनिनियंत्रकाच्या टेबलाच्या जवळपास, स्पीकरच्या भिंतीपासून दूर आणि बाहेर पडायचा रस्ता दिसेल अशा ठिकाणी. दर अर्ध्या तासाने शांत जागी बाहेर यावे. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील, मूल म्हणेल तेव्हा निघायचे, हे दोन्ही पालकांनी घरूनच ठरवून जावे. दुसऱ्या दिवशी मुलाने कानात शिट्टी वाजते किंवा कान गच्च झाला आहे असे सांगितले, अथवा हाक दोनदा मारावी लागली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि तोवर घरात स्पीकर बंद ठेवावा.